सांडोर ते अबू धाबी : खिशाला परवडेल तशी सहल

वसईतल्या सांडोरच्या कुठल्याही आळीत शिरा, आखातात कुणी ना कुणी असलेले घर सापडतेच. सत्तरच्या दशकात तेलाच्या पैशातून तिथली शहरे उभी राहू लागली आणि वसईची मुले तिकडे निघाली. आधी फिटर, वेल्डर, ड्राफ्ट्समन, मग नर्स आणि हिशेबनीस, आता संगणकवाले. मुलगा किंवा लेक वर्षानुवर्षे अबू धाबीत, आणि आई-वडिलांनी ते शहर पाहिलेले फक्त मोबाइलवर. विचारले तर उत्तर ठरलेले : ‘खर्च झेपणार नाही.’

माझे मत वेगळे आहे. अबू धाबी ही संयुक्त अरब अमिरातीची राजधानी. तिथे जे खरोखर पाहण्यासारखे आहे, त्यातले बरेचसे फुकट आहे. पैसा लागतो तो मुख्यतः दोन गोष्टींना : उन्हापासून वाचायला आणि अंतर कापायला. ऋतू नीट निवडला तर पहिला खर्च गळतो, मुक्काम नीट निवडला तर दुसरा. खालच्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत. हिशेब सोपा जावा म्हणून एक दिरहम २५ रुपयांचा धरला आहे. निघताना चालू भाव पाहून घ्या. तिकिटे, हॉटेले यांचे आकडे अंदाजाचे आहेत, ते मोसमाप्रमाणे वरखाली होतात.

१. आधी महिना ठरवा, मग तिकीट

नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचे दिवस उत्तम. संध्याकाळी अंगावर हलका स्वेटर लागतो आणि दुपारीही चालता येते. मे ते सप्टेंबर पारा चाळिशीच्या वर असतो, शिवाय समुद्राची दमट हवा. आपली शाळांची सुट्टी नेमकी मे महिन्यात येते, हॉटेलेही तेव्हा स्वस्त दिसतात, म्हणून बरीच घरे त्या मोहात पडतात. पण उन्हाळ्यात प्रत्येक पावलाला टॅक्सी लागते आणि वाचवलेले पैसे मीटरवर जातात.

हिवाळ्यातही दोन काळ जपून. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात मुंबईहून जाणारी विमाने भरलेली आणि भाडे चढलेले असते. डिसेंबरच्या सुरुवातीला यास बेटावर फॉर्म्युला वन शर्यत असते, तेव्हा हॉटेले महागतात. रमजानही पाहून घ्या. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होईल. त्या महिन्यात दिवसा उघड्यावर खाणेपिणे टाळावे लागते आणि बऱ्याच ठिकाणांच्या वेळा बदलतात. या सगळ्यांतून उरतो जानेवारी. घरचा नाताळ पार पडलेला, भाडे उतरलेले आणि हवा छान.

२. कागदपत्रे

पासपोर्टला किमान सहा महिने मुदत हवी. भारतीयांना अमिरातीचा व्हिसा आधी काढावा लागतो. पर्यटक व्हिसा ३० किंवा ६० दिवसांचा मिळतो. तो तीन वाटांनी निघतो : तिथे राहणारा जवळचा नातेवाईक अर्ज करतो, विमान कंपनी काढून देते, नाहीतर एजंट. मुलाने काढलेला व्हिसा सगळ्यांत सोयीचा. एजंटाकडून काढणार असाल तर परतीचे तिकीट आणि राहण्याचा पुरावा तयार ठेवा, हल्ली ते मागतात. अमेरिका, ब्रिटन किंवा युरोपीय संघाचा वैध व्हिसा पासपोर्टवर असेल तर उतरल्यावरही व्हिसा मिळू शकतो. कॅनडा-ऑस्ट्रेलियाला मुले असलेल्यांनी आपले बसते का, हे विमान कंपनीला विचारून घ्यावे.

मुदत संपल्यावर राहिले तर रोज ५० दिरहम दंड, म्हणजे सव्वा हजार रुपये. आणि भेटीच्या व्हिसावर काम करणे गुन्हा आहे. ‘आधी फिरायला जा, मग तिथेच नोकरी बघू’ असे सांगणारा कुणी भेटला, तर त्याच्या हाती पैसे देऊ नका.

प्रवास विमा हजार-बाराशेत निघतो. साठी उलटलेल्यांनी तो टाळू नये. तिथला दवाखान्याचा खर्च आपल्या आवाक्यातला नाही.

३. खिसा मोजा

पाच रात्री, सहा दिवस आणि माणशी खर्च असा हिशेब धरू.

पहिला खिसा : मुक्काम मुलाकडे किंवा भाच्याकडे. जाऊन-येऊन विमान २२ ते २८ हजार, व्हिसा सात-आठ हजार, विमा आणि बस, चहापाणी, एखाद-दुसरे तिकीट यांना रोजचे ६० दिरहम. सगळे मिळून ४० ते ४५ हजार. मात्र मुलगा चार-पाच जणांबरोबर खोलीत राहत असेल तर तिथे पाहुणा होऊ नका. एका घरात किती माणसे राहावीत याचे नियम तिथे कडक आहेत आणि पकडले गेल्यास त्रास त्या मुलाला होतो. तसे असेल तर दुसरा खिसा गाठा, नाहीतर वर्षभर थांबून पैसे जमवा.

दुसरा खिसा : दोघांत एक खोली, साध्या तीन तारांकित हॉटेलात. मोसमात रात्रीचे २०० ते २५० दिरहम पडतात. हमदान रस्ता, इलेक्ट्रा रस्ता किंवा अल वहदाच्या मुख्य बसस्थानकाच्या आसपास खोली घ्या. इथून बस मिळते आणि मल्याळी खाणावळी पायाखाली असतात. विमानतळाजवळ किंवा मुसफ्फाहला स्वस्त खोली दिसेल, तिचा मोह नको. खोलीत वाचलेले पन्नास दिरहम रोज टॅक्सीत जातात. रोजच्या खर्चाला माणशी १५० दिरहम धरले तर एकूण ७० ते ७५ हजारांत सहल होते.

तिसरा खिसा : सादियात बेटावर किंवा कॉर्निशच्या टोकाला समुद्रावरचे हॉटेल, रात्रीचे ८००-९०० दिरहम आणि पुढे. विमान पूर्ण सेवेचे, फिरायला टॅक्सी, एक दिवस थीम पार्क, एक रात्र वाळवंटात. दीड ते पावणेदोन लाख धरून चला.

मुले अमेरिकेत किंवा युरोपात असतील आणि एतिहादने जाणार असाल, तर वाटेत अबू धाबीत थांबण्याची त्यांची योजना विचारा. काही तिकिटांवर एक-दोन रात्रींचे हॉटेल त्यात मिळते. वेगळ्या विमानखर्चाशिवाय शहर पाहण्याचा हा मार्ग फारच थोड्यांना ठाऊक आहे.

४. बॅग भरताना

इथे थोडे थांबून वाचा, कारण घरच्या मायेनेच माणूस अडचणीत येतो.

अमिरातीत खसखशीला बंदी आहे. ती अफूच्या बोंडातून येते, म्हणून तिथे अमली पदार्थांत मोडते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात मिरची वाळवून वर्षाचा मसाला कांडतात, त्यात अनेक घरी खसखस असते. अनारशांवर ती असते, काही लाडवांतही. लेकाला आवडतो म्हणून मसाल्याची बाटली बॅगेत जाते आणि विमानतळावर आई जबाब देत बसते. न्यायचाच असेल तर खसखस वगळून वेगळा मसाला करा, नाहीतर नेऊ नका. मांसाचे पदार्थही घरीच ठेवा. वसईची सुकेळी मात्र खुशाल न्या. टिकतात, वास येत नाही आणि तिथल्या मुलांना त्याहून मोठी भेट नाही.

औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. झोपेच्या, मानसिक आजाराच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्या, तसेच कोडीन असलेली खोकल्याची औषधे यांना तिथल्या औषध खात्याची ऑनलाइन परवानगी आधी लागते. ट्रॅमाडॉल इथे सहज लिहून देतात, तिथे ते नियंत्रित आहे. आपल्या गोळ्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवून विचारा.

आणि शेजारच्याने ‘एवढे माझ्या पुतण्याला द्या’ म्हणून दिलेले शिवलेले किंवा चिकटपट्टी लावलेले पुडके घेऊ नका. राग आला तरी चालेल. उघडून दाखवले, वस्तू ओळखीची निघाली, तरच बॅगेत.

तीन चौकोनी पिनांचा प्लग तिथे चालतो, तेव्हा एक अ‍ॅडॉप्टर घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश जातात पण कॉल लागत नाहीत. घरच्यांना हे आधीच सांगा, नाहीतर ते घाबरतात.

५. घर ते विमानतळ

एकटा तरुण असेल तर वसई रोडहून लोकलने अंधेरी, तिथून घाटकोपरच्या मेट्रोने मरोळ नाका आणि तिथे भुयारी मेट्रो बदलून पुढचेच स्टेशन विमानतळाचे टर्मिनल २. शंभर रुपयांच्या आत काम होते. मेट्रो रात्री बंद असते, तेव्हा विमान पहाटेचे असेल तर ही वाट नाही. आई-वडिलांना बॅगांसह गर्दीच्या लोकलमध्ये चढवू नका, गाडीच करा. गाडीने जाताना वर्सोवा पूल आणि दहिसर नाका लक्षात ठेवून दोन तास जास्त धरा. भारतीय नोटा माणशी २५ हजारांपर्यंतच बाहेर नेता येतात. त्याऐवजी थोडे दिरहम इथेच बदलून घ्या.

६. उतरल्यावर

साधारण सव्वातीन तासांत झायेद विमानतळावर उतराल. घड्याळ दीड तास मागे करा. नवे टर्मिनल ए नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाले. ते मोठे आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवावी.

विमानतळावर ‘हफिलात’ नावाचे बसकार्ड यंत्रातून मिळते. ते घ्या आणि त्यात २०-२५ दिरहम भरा. ए१ क्रमांकाची बस शहरात जाते. भाडे दोन दिरहमापासून सुरू होते, लांबच्या शहरी फेरीलाही पाचाच्या आसपास. चढताना कार्ड लावायचे आणि उतरतानाही. उतरताना लावायचे राहिले तर भाडे जास्त कापले जाते, कार्डाशिवाय चढलात तर दंड. टॅक्सी मीटरने चालते, घासाघीस नसते. शहरात पोहोचायला ७०-८० दिरहम होतात. चौघे असाल तर टॅक्सीच बरी.

स्वस्त विमान दुबईचे मिळाले तरी हरकत नाही. दुबईच्या इब्न बतूता स्थानकाहून ई१०१ बस २५ दिरहमात अबू धाबीला सोडते.

७. पाहायचे काय, कोणत्या क्रमाने

पहिल्या संध्याकाळी कॉर्निश. आठ किलोमीटरचा समुद्रकाठ, चालायला सुरेख फरसबंदी आणि फुकट. जोडीला मरिना मॉलजवळचे हेरिटेज व्हिलेज, तेही फुकट. मोती काढणाऱ्या, खजूर पिकवणाऱ्या गावाची ही राजधानी झाली. समुद्रात तेल १९५८ मध्ये सापडले, पहिले जहाज १९६२ मध्ये भरून गेले आणि २ डिसेंबर १९७१ रोजी देश जन्मला. पाण्याकडे पाठ करून त्या इमारतींकडे पाहिले की एवढ्या थोड्या काळात काय घडले ते कळते.

दुसरा दिवस शेख झायेद मशिदीला. प्रवेश फुकट, पण नोंदणी संकेतस्थळावर आधी करावी लागते. ८२ घुमट, हजारांहून अधिक खांब आणि मुख्य दालनात साडेपाच हजार चौरस मीटरहून मोठा, इराणी कारागिरांनी हाताने विणलेला एकसंध गालिचा. बांधकामात वापरलेल्या संगमरवरांत राजस्थानातल्या मकराण्याचाही दगड आहे. दुपारी चारच्या सुमारास जा म्हणजे उन्हात पांढरे दिसेल आणि दिवेलागणीलाही. बायकांनी मनगट-घोटे झाकतील असे सैल कपडे आणि डोक्यावर ओढणी घ्यावी. लांब बाह्यांचा पंजाबी ड्रेस चालतो, साडीत पोट-पाठ उघडी राहते म्हणून अडवतात. शुक्रवारी दुपारी नमाजासाठी पाहुण्यांना प्रवेश बंद असतो. आत जाण्याचा रस्ता लांब आहे. वयस्करांसाठी छोट्या गाड्या असतात, संकोच न करता मागा.

तिसरा दिवस आपल्या ख्रिस्ती लोकांना विशेष जवळचा वाटेल. मुश्रिफ भागात सेंट जोसेफ कॅथेड्रल आहे. इंग्रजी, मल्याळम, कोकणी, अरबी, तागालोग अशा अनेक भाषांत मिस्सा होते. जानेवारी २०२२ पासून तिथे शनिवार-रविवार सुट्टी आली; त्याआधी आपली मुले रविवारची मिस्सा शुक्रवारी ऐकत. कॅथेड्रलच्या शेजारी मशीद आहे, तिचे नाव २०१७ मध्ये बदलून ‘मरियम, ईसाची आई’ असे ठेवले गेले. दोन्हींच्या मधल्या रस्त्यावर जरा उभे राहा.

तिथून सादियात बेटावर अब्राहमिक फॅमिली हाउस. पोप फ्रान्सिस फेब्रुवारी २०१९ मध्ये अबू धाबीला आले, अल अझहरच्या इमामांसह त्यांनी मानवी बंधुतेच्या दस्तऐवजावर सही केली आणि झायेद क्रीडानगरीत मिस्सा अर्पण केली. अरबी द्वीपकल्पावर पोप येण्याची ती पहिली वेळ. त्या भेटीतून निघालेली ही जागा २०२३ मध्ये खुली झाली. मशीद, सिनेगॉग आणि संत फ्रान्सिसचे चर्च अशा तीन इमारती, तिन्ही सारख्या मापाच्या. प्रवेश फुकट, वेळ आधी नोंदवा. जवळच लूव्र संग्रहालय. जाँ नुव्हेलने रचलेला १८० मीटर व्यासाचा जाळीदार घुमट आणि त्यातून पाझरणारे ऊन. तिकीट ६०-७० दिरहम, १८ वर्षांखालच्यांना माफ, सोमवारी बंद. पहिल्या खिशानेही हे एक तिकीट काढावे असे मला वाटते. त्याच बेटावर झायेद राष्ट्रीय संग्रहालय डिसेंबर २०२५ मध्ये उघडले आहे, पण दोन्ही एका दिवसात करू नका, पाय आणि डोके दोन्ही थकतात.

चौथ्या दिवशी अबू मुरैखाचे स्वामीनारायण मंदिर. १४ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधान मोदींच्या हस्ते उद्घाटन झाले. राजस्थानी गुलाबी दगड, सात अमिरातींची सात शिखरे, दुबईच्या वाटेवर भर वाळवंटात. इथेही प्रवेश फुकट आणि नोंदणी आधी. परतताना वेळ उरला तर जुबैलचे तिवरबन. लाकडी पुलावरून पाण्यात फिरता येते, तिकीट थोडके आहे. वसईच्या खाडीकाठी वाढते तीच तिवराची जात खाऱ्या वाळवंटाच्या कडेला माणसांनी लावून, राखून वाढवली आहे. आपल्याकडे तिच्यावर राडारोडा पडतो.

पाचवा दिवस अल ऐनला द्या, मग कोणताही खिसा असो. मुख्य बसस्थानकातून बस निघते, दीड-दोन तास, भाडे २५-३० दिरहम. तिथले मरुवन युनेस्कोच्या वारसा यादीत २०११ पासून आहे आणि आत जायला पैसे नाहीत. लाखावर खजुराची झाडे, मातीच्या भिंतींमधून गेलेल्या अरुंद वाटा आणि खाली फलज, म्हणजे डोंगरपायथ्याचे पाणी भुयारातून, निव्वळ उताराच्या जोरावर आणणारा पाट. मुख्य पाटाला जिथे फाटा फुटतो तिथे छोटी फळी असते. एका बागेची पाळी संपली की फळी टाकायची, पुढच्याची उघडायची. वर खजूर, त्याखाली आंबा, केळी, लिंबू. आपल्या वाडीत वर नारळ, मध्ये केळी आणि खाली पानवेल, हा तोच विचार. रहाट चालताना पाहिलेल्या, आळ्यांना पाणी दिलेल्या माणसाला इथे कुणी काही समजावून सांगावे लागत नाही. १९८९ पासून ‘हरित वसई’ चळवळीत ज्या लोकांनी पाण्याची लढाई लढली, त्यांनी वाळवंटात पाणी वाटून घेण्याची ही रीत डोळ्यांनी पाहायलाच हवी.

सहावा दिवस खरेदी आणि विश्रांतीचा. सकाळी मीना बंदरावरचा मासळीबाजार करा. हमूर, सुरमई, कोळंबी तोलून घ्या, तिथेच साफ करून मिळते आणि पैसे देऊन भाजून-तळूनही मिळते. दोघांचे जेवण मोठ्या हॉटेलच्या चौथ्या हिश्श्यात होते. एरवी कॅफेटेरियात एक-दोन दिरहमाचा करक चहा, सात-आठचे शावर्मा, १५ दिरहमाचे मल्याळी जेवण. पोट भरायला यापेक्षा जास्त लागत नाही.

८. जास्त पैसा असेल तर

तो समुद्रावरच्या खोलीत सगळा घालू नका. दिवसभर बाहेर असाल, खोलीचे सुख वाया जाते. एक रात्र लिवाच्या वाळवंटात काढा. रुब अल खालीच्या कडेला वाळूच्या उंच टेकड्या आहेत, शहरातल्या अर्ध्या दिवसाच्या सफारीत त्या दिसत नाहीत. किंवा सर बनी यास बेट करा. तिथे सातव्या-आठव्या शतकातल्या ख्रिस्ती मठाचे अवशेष १९९२ मध्ये सापडले. वसईच्या ख्रिस्ती माणसाला या मठासाठी केलेला खर्च जड वाटू नये. लहान मुले बरोबर असतील तर यास बेटावरचे फेरारी वर्ल्ड किंवा वॉर्नर ब्रदर्स. तिकीट तीनशे दिरहमांच्या वर, म्हणून एकच निवडा आणि सकाळीच आत शिरा.

९. तिथे वागताना

रस्ता फक्त पट्ट्यांवरून ओलांडा. अनोळखी बायकांचे, सरकारी किंवा लष्करी इमारतींचे फोटो काढू नका. दारू परवाना असलेल्या हॉटेलातच, रस्त्यावर किंवा समुद्रकाठी नाही. समाजमाध्यमांवर कुणाला शिवी देणेही तिथे खटल्याचे कारण होते.

आता अबू धाबीतल्या मुलांना एक विनंती. आई-वडिलांना मे महिन्याच्या सुट्टीत बोलावू नका. जानेवारीतला आठवडा मोकळा ठेवा, नोव्हेंबरच्या आत तिकिटे काढा, व्हिसाचा अर्ज स्वतः भरा आणि अल ऐनचा दिवस त्यांच्याबरोबर राहा. त्या एका दिवसाची रजा आजच टाकून ठेवा.